कॉन्स्ट्रिक्टिव्ह पेरिकार्डायटिस: हृदयाचं आवळलेलं आवरण, त्याचं ऑपरेशन आणि नंतरचे दिवस. वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या कुणाला 'पेरिकार्डिएक्टॉमी (हृदयाचं आवरण काढण्याचं ऑपरेशन) करावी लागेल' असं सांगितलं गेलं असेल, तर ओपीडीतल्या दहा मिनिटांत जे विचारायचं राहून जातं ते इथे एकत्र केलं आहे. औषधांचे डोस आणि अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांचे. पण त्यांना काय विचारायचं, हे हे वाचून कळावं.

हृदयाचं पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल लिहिलंय. मग हृदयाला झालंय काय?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो, आणि तो अगदी रास्त आहे. हृदय एका दुपदरी पिशवीत असतं. तिला पेरिकार्डियम किंवा हृदयावरण म्हणतात. निरोगी माणसात ती २ मिलिमीटरहून पातळ असते आणि दोन पदरांमध्ये वंगणासारखा १५ ते ५० मिलीलिटर द्रव असतो. दीर्घकाळ सूज राहिली की दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात, जाड आणि ताठ होतात. काही रुग्णांत पुढे त्यावर कॅल्शियमही बसतं. मग हृदय जणू नारळाच्या करवंटीत बंद होतं.

अशा हृदयाला रक्त बाहेर ढकलता येतं, म्हणून 'पंपिंग' चांगलं दिसतं. अडतं ते भरणं. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडून रक्त आत घेऊ लागतं आणि क्षणात करवंटीच्या भिंतीला टेकतं. उरलेलं रक्त मागे शिरांमध्ये तुंबतं: आधी मानेत, मग यकृतात, पोटात, पायांत. दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त ठरावीक आणि कमीच असल्यामुळे शरीर नाडीचा वेग वाढवून भागवतं. म्हणूनच या आजारात नाडी मंद करणाऱ्या बीटा-ब्लॉकरसारख्या गोळ्या 'धडधड होते' म्हणून परस्पर सुरू करू नयेत.

हा आजार कशामुळे होतो?

आपल्या देशात सर्वात मोठं कारण क्षयरोग. फुप्फुसाचा टीबी कधीच झाला नव्हता, खोकलाही नव्हता, अशा माणसालाही हृदयावरणाचा टीबी होऊ शकतो. त्याखेरीज विषाणूजन्य पेरिकार्डायटिस, आधी झालेलं बायपास किंवा झडपेचं ऑपरेशन, छातीला दिलेलं रेडिएशन, संधिवाताच्या गटातले आजार आणि आवरणात झालेला पू ही कारणं आहेत. बऱ्याच जणांत शोधूनही कारण सापडत नाही. कारण कळणं महत्त्वाचं, कारण ऑपरेशननंतर माणूस किती वर्षं चांगला राहील हे बरंचसं त्यावर ठरतं.

पोटात पाणी झालंय. सगळे म्हणतात दारूनं लिव्हर गेलं. हृदयाचा संशय कधी घ्यायचा?

मानेकडे बघा. खरंच एवढं साधं आहे, आणि तरीही हेच राहून जातं. गोव्यात पुरुषाचं पोट फुगलं की सगळ्यांचं बोट आधी फेणीकडे जातं. मग सोनोग्राफीत यकृत मोठं दिसतं, पाणी दिसतं, आणि रुग्ण महिनोन्‌महिने लिव्हरच्या गोळ्या घेत राहतो. घेणारा असो वा नसो, मानेच्या शिरा तपासल्याशिवाय हा शिक्का मारू नये.

रुग्णाला पाठीला उशा देऊन अर्धवट बसवा, मान थोडी डावीकडे वळवा आणि बाजूने तिरपा उजेड पाडा. नुसत्या यकृताच्या सिरोसिसमध्ये मानेची शीर सहसा फुगलेली नसते. आवरण आवळलं असेल तर ती फुगलेली, पार जबड्यापर्यंत चढलेली दिसते. काही जणांत तुंबणं इतकं वर असतं की सरळ ताठ बसवल्यावरच शिरेचं वरचं टोक सापडतं. श्वास आत घेताना शीर रिकामी व्हायला हवी, इथे ती उलट जास्त फुगते. याला कुसमॉल चिन्ह म्हणतात.

दुसरी खूण पोटातल्या पाण्यात मिळते. सुईने काढलेल्या पाण्यात प्रथिनं २.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त आणि रक्तातल्या व पाण्यातल्या अल्ब्युमिनचा (हेही एक प्रथिनच) फरक १.१ किंवा त्याहून अधिक, असं निघालं तर हृदयाकडे वळायचं. सिरोसिसमध्ये फरक तेवढाच असतो, पण प्रथिनं बहुधा कमी. आणखी एक: पायांच्या मानाने पोट फारच जास्त सुजलेलं असणं. प्राग येथील फ्रीडेल पिक यांनी १८९६ साली हृदयावरणाच्या आजारातून उद्भवणाऱ्या या 'खोट्या सिरोसिस'चं वर्णन केलं होतं. सव्वाशे वर्षं उलटली, चूक तीच आहे.

निदान पक्कं कशावरून होतं? टू-डी इको दोनदा नॉर्मल आला होता.

इको करणाऱ्याने हा आजार डोक्यात ठेवून शोधला तरच तो सापडतो. म्हणून चिठ्ठीवर 'कॉन्स्ट्रिक्शन आहे का ते पाहा' असं स्पष्ट लिहून घ्या. मग श्वासाबरोबर हृदयाच्या दोन बाजूंमधला पडदा डावीकडे-उजवीकडे हलतो का, मायट्रल (डाव्या बाजूच्या) झडपेतून येणाऱ्या रक्ताचा वेग श्वासागणिक २५ टक्क्यांहून अधिक बदलतो का, यकृताच्या शिरेत उच्छ्वासाच्या वेळी रक्त उलट फिरतं का, खालची मोठी शीर फुगून तशीच राहते का, हे बघितलं जातं.

सीटी स्कॅनमध्ये आवरणाची जाडी आणि कॅल्शियम दिसतं. सर्जनला तो नकाशा म्हणून लागतोच. पण जाडी नॉर्मल असली म्हणून आजार नाही असं समजू नका. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००३ साली मांडलेल्या १४३ रुग्णांच्या मालिकेत ऑपरेशनने सिद्ध झालेल्या १८ टक्के रुग्णांत आवरणाची जाडी वाढलेली नव्हती. एमआरआयचा उपयोग सूज अजून ताजी आहे का, हे कळण्यासाठी. तरीही शंका उरली तर कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून, हृदयाच्या दोन्ही बाजूंचे दाब एकाच वेळी मोजतात. हृदय भरताना चारही कप्प्यांतले दाब जवळपास एका पातळीला आलेले असतात.

हा सगळा खटाटोप एका कारणासाठी. रिस्ट्रिक्टिव्ह कार्डिओमायोपथी नावाचा आजार हुबेहूब असाच दिसतो, पण तिथे दोष हृदयाच्या स्नायूत असतो. त्याचं आवरण सोलून काही मिळत नाही, जोखीम मात्र पदरी पडते.

गोळ्यांनी बरं होणार नाही का?

काहींना होतं. आवरण नुकतंच सुजलेलं असेल, सीआरपी-ईएसआर (सूज दाखवणारे रक्तातले आकडे) वाढलेले असतील आणि एमआरआयमध्ये सूज चमकत असेल, तर सूज उतरवणारी औषधं दोन ते तीन महिने देऊन बघतात. अशा 'तात्पुरत्या' आवळण्यात ऑपरेशन टळू शकतं. कॅल्शियम बसलेलं, महिनोन्‌महिने जुनं आवरण मात्र गोळ्यांनी मऊ पडत नाही.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या (फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन) पाणी उतरवतात, आजार तसाच राहतो. त्या अति झाल्या तर उलटतातही: या हृदयाला भरण्यासाठी शिरांमध्ये जरा जास्त दाब लागतो. तो फारच उतरवला की चक्कर येते, लघवी कमी होते, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं. सूज दिसली म्हणून स्वतःच डोस दुप्पट करणारे यातच अडकतात.

टीबीचं औषध सुरू केलंय. सहा महिने पूर्ण करून मग ऑपरेशन करू का?

सहा महिने वाट बघायची गरज नसते, आणि बऱ्याचदा ती महागात पडते. युरोपियन मार्गदर्शक सूचना सांगतात की टीबीविरोधी औषधं ४ ते ८ आठवडे घेऊनही प्रकृती सुधारत नसेल किंवा ढासळत असेल, तर आवरण काढावं. पहिल्या काही आठवड्यांत सुधारणा दिसत असेल तर थांबणं योग्य, कारण सूज उतरून आवरण सैल होऊ शकतं. सीटीवर कॅल्शियमचा थर दिसत असेल तर थांबून सहसा काही हाती लागत नाही.

स्टिरॉइडबद्दलही विचारलं जातं. २०१४ साली आफ्रिकेतल्या १४०० रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत पुढे आवरण आवळण्याचं प्रमाण ४.४ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ७.८ टक्के. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत, आणि एचआयव्ही असलेल्यांत काही कर्करोग वाढले. म्हणून स्टिरॉइडआधी एचआयव्ही तपासणी हवीच. आधीच घट्ट झालेलं आवरण स्टिरॉइडने सुटेल, असा अर्थ या आकड्यांतून काढू नका.

ऑपरेशन पुढे ढकललं तर काय होतं?

कवचात बंद राहिलेला हृदयाचा स्नायू हळूहळू रोडावतो, प्लास्टरमधल्या हातासारखा. यकृतात वर्षानुवर्षं रक्त तुंबून तिथे खरोखरीचा सिरोसिस होतो. आतड्यातून प्रथिनं गळतात, अल्ब्युमिन घसरतं, हात-खांदे काटकुळे आणि पोट मात्र मोठं अशी आकृती होते. नाडी अनियमित होते. या टप्प्यावर कवच काढलं तरी आतला स्नायू उभारी धरत नाही. विश्रांतीतही हृदयातून दर मिनिटाला शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे १.२ लिटरपेक्षा कमी रक्त बाहेर पडत असेल, तर फायदा कमी आणि धोका फार, असं मानलं जातं.

याची दुसरी बाजूही आहे. रोजची कामं न थकता होत असतील, सूज नसेल, केवळ स्कॅनवर आवरण जाड दिसलं असेल, तर लगेच छाती उघडायची नसते. आमच्या मते ठरवण्याची वेळ ही: गोळ्या घेऊनही थोड्या चालण्याने दम लागतो किंवा पाणी पुन्हा भरतं, पण माणूस अजून खातोपितो आहे आणि यकृत-मूत्रपिंड शाबूत आहेत.

ऑपरेशनआधी कोणती तयारी लागते?

पाणी शक्य तितकं उतरवणं, पण क्रिएटिनिन सांभाळून. पोट ताठ असेल तर सुईने पाणी काढतात, म्हणजे श्वास मोकळा होतो. रक्त गोठण्याच्या तपासण्या, अल्ब्युमिन, बिलिरुबिन, एचआयव्ही आणि कावीळ बी-सी बघतात. मध्यमवयीन आणि त्यापुढच्यांची अँजिओग्राफी होते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या साधारण ५ दिवस आधी थांबवतात, अर्थात सांगतील तेव्हाच. दात किडले असतील तर आधीच दाखवा. रक्तपेढीत रक्त राखून ठेवावं लागतं; चवथीच्या किंवा शिमग्याच्या सुट्टीत रक्तदाते मिळायला वेळ लागतो, तेव्हा नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा.

बिडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद. दारूही. रोज घेणारा असेल तर ते लपवू नका. दारू सुटल्यामुळे आयसीयूत तिसऱ्या दिवशी अचानक हात थरथरू लागले, बडबड सुरू झाली, की कारण शोधण्यात मोलाचा वेळ जातो.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात?

बहुतेक ठिकाणी छातीचं मधलं हाड उभं कापून हृदयापर्यंत पोचतात. काही सर्जन डाव्या बरगड्यांमधून जातात. तिथून डाव्या कप्प्याची बाजू छान दिसते, पण उजवं अलिंद (उजवीकडचा वरचा कप्पा) आणि मोठ्या शिरा नीट हाती लागत नाहीत. पुवाचा संसर्ग असेल तर हाड न कापणं बरं, म्हणूनही तो मार्ग निवडला जातो.

मग आवरणावर एक छोटा छेद. सर्जन शोधत असतो तो जाड आवरण आणि स्नायू यांमधला बरोबर थर. तो सापडला की छेदाच्या फटीतून गुलाबी स्नायू लगेच वर फुगून येतो आणि धडधडताना दिसतो. तो नुसता थरथरत राहिला, वर आला नाही, तर आत अजून एक पदर आहे असं समजायचं. हृदयाला घट्ट चिकटलेला हा आतला पदर सोलून काढावा लागतो. तो पूर्ण निघत नसेल तर त्यावर उभ्या-आडव्या चिरा देऊन चौकडी पाडतात, म्हणजे प्रत्येक चौकोन वेगळा होऊन हृदयाला ताणायला जागा मिळते. या चौकडीमुळे त्या पद्धतीला 'वॉफल' म्हणतात.

क्रम महत्त्वाचा. आधी डावा कप्पा मोकळा करतात, मग उजवा, मग उजवं अलिंद आणि शेवटी मोठ्या शिरा. उलट केलं तर उजवा कप्पा जोमाने रक्त फुप्फुसात ढकलतो, डावा अजून करवंटीतच, आणि फुप्फुसात पाणी भरतं.

दोन्ही बाजूंना आवरणावरून फ्रेनिक नावाची नस खाली उतरते. श्वासाचा पडदा तीच हलवते. तिच्याभोवती चरबी-ऊतींची एक पट्टी राखून तिला जपतात. ती दुखावली तर तो पडदा वर चढून बसतो आणि व्हेंटिलेटर सुटायला उशीर होतो.

कॅल्शियमचा भाग वेगळाच वैताग. त्याचे तुकडे फुटलेल्या शिंपल्यांसारखे धारदार असतात, हातमोजा कापतात. हाड कुरतडायच्या पकडीने ते थोडे थोडे तोडत जावं लागतं. काही ठिकाणी कॅल्शियम थेट स्नायूत किंवा कोरोनरी धमनीजवळ घुसलेलं असतं. तिथे हट्ट न धरता बेटासारखा तुकडा ठेवून देणं, हे शहाणपणाचं. उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते. ती फाटली तर क्षणात रक्तस्राव होतो, म्हणून हार्ट-लंग मशीन शेजारी तयार असतं. गरज नसताना ते वापरत नाहीत, कारण त्यासाठी रक्त पातळ करावं लागतं आणि सोललेला सगळा पृष्ठभाग झिरपत राहतो.

मानेच्या शिरेत घातलेल्या नळीवर शिरांचा दाब दिसत असतो. सुरुवातीला २० मिलिमीटर पाऱ्याच्या वर असलेला आकडा शेवटी १० च्या आसपास आला, तर चांगलं लक्षण. एकूण वेळ साधारण ३ ते ५ तास. कॅल्शियम फार असेल तर अधिक.

'पूर्ण' आणि 'अर्धं' काढणं यात फरक किती पडतो?

पुष्कळ. पूर्ण म्हणजे समोरचा भाग एका फ्रेनिक नसेपासून दुसरीपर्यंत, शिवाय खाली श्वासाच्या पडद्यावर टेकलेला भाग आणि डाव्या नसेच्या मागचा भागही. नुसतं समोरचं काढलं तर खालून-मागून हृदय आवळलेलंच राहतं. दिल्लीच्या एम्समधून २००६ साली ३९५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. त्यातही पूर्ण काढलेल्यांचे परिणाम अर्धवट काढलेल्यांपेक्षा चांगले निघाले. सर्जनना सरळ विचारा: 'खालचा आणि मागचा भाग काढणार का? वर्षाला अशा किती केसेस इथे होतात?' यात उद्धटपणा नाही. डिस्चार्ज कार्डावरही किती भाग काढला आणि कुठे ठेवला हे लिहून घ्या. पुढे कधी त्रास झाला तर हीच ओळ कामाला येते.

आवरणच काढलं तर हृदय उघडं पडत नाही का?

नाही. आवरणाशिवाय हृदय व्यवस्थित चालतं.

जिवाला धोका किती?

गोड बोलून उपयोग नाही. हे बायपासपेक्षा जोखमीचं ऑपरेशन आहे. जाणत्या केंद्रांतून प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत ऑपरेशनच्या काळातला मृत्यू साधारण ६ ते १२ टक्के आहे. तरुण, टीबी किंवा अज्ञात कारण, यकृत-मूत्रपिंड चांगलं, अशा रुग्णाचा धोका याहून कमी. कावीळ, क्रिएटिनिन वाढलेलं, अल्ब्युमिन कमी, फुप्फुसातला दाब जास्त, आधी रेडिएशन, अशा रुग्णाचा जास्त.

लांबच्या काळाचं चित्र कारणावर ठरतं. क्लीव्हलँड क्लिनिकच्या २००४ सालच्या १६३ रुग्णांच्या अभ्यासात सात वर्षांनी जिवंत असणारे असे होते: अज्ञात कारण असलेले ८८ टक्के, आधी हृदयाचं ऑपरेशन झालेले ६६ टक्के, रेडिएशन झालेले २७ टक्के. रेडिएशनने आवरणाबरोबर स्नायू, झडपा आणि धमन्याही खराब होतात, म्हणून ही घसरण. हे आकडे अमेरिकेतले आहेत आणि त्यात टीबीचे रुग्ण नगण्य. आपल्याकडच्या तरुण टीबी रुग्णाने २७ चा आकडा स्वतःला लावून घाबरू नये.

ऑपरेशन 'छान झालं' म्हणाले, तरी आयसीयूत एवढी औषधं का?

खरी परीक्षा पहिल्या ४८ तासांत असते. कवच निघाल्यावर इतकी वर्षं दबलेला, रोडावलेला स्नायू अचानक ताणला जातो आणि थकतो. रक्तदाब पडतो, लघवी कमी होते. याला लो आउटपुट म्हणतात, आणि या ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं मुख्य कारण हेच. म्हणून डोब्युटामिन, मिल्रिनोन, नॉरअॅड्रेनॅलिनसारखी औषधं पंपावर थेंबाथेंबाने चालू असतात आणि सलाइन मोजूनमापून दिलं जातं. रक्तदाब कमी दिसला की भराभर सलाइन चढवण्याचा मोह इथे घातक ठरतो: उजवा कप्पा फुगतो, ट्रायकस्पिड (उजव्या बाजूची) झडप गळू लागते. काही रुग्णांना बलून पंप किंवा एक्मो (हृदयाला आधार देणारी यंत्रं) लागतं, काहींना तात्पुरतं डायलिसिस.

सरळ चाललं तर व्हेंटिलेटर एक-दोन दिवसांत निघतं, छातीतल्या नळ्या दोन ते चार दिवसांत, आणि आठ ते बारा दिवसांत घरी. काढलेलं आवरण पॅथॉलॉजीला, तसंच टीबीच्या जीन एक्सपर्ट आणि कल्चरला (जंतू शोधण्याच्या तपासण्यांना) गेलं का, हे नातेवाइकांनी जरूर विचारा. जुन्या आवरणात जंतू बऱ्याचदा सापडत नाहीत, पण सापडले तर औषधाला दाद देणारे आहेत का, हेही कळतं.

दोन आठवडे झाले, पाय अजून सुजलेले. ऑपरेशन फसलं का?

इतक्यात तसं म्हणता येत नाही. कुणाचं पोट आठवड्यात उतरतं, लघवीवाटे पाच-दहा किलो पाणी निघून जातं. कुणाला दोन-तीन महिने लागतात, कारण स्नायू बळकट व्हायला आणि अल्ब्युमिन भरून यायला वेळ लागतो. साधारण तीन महिन्यांनंतरही मानेच्या शिरा फुगलेल्या असतील, तर इको पुन्हा नीट करून घ्यावा. कारण तिघांपैकी एक असतं: आवरण कुठेतरी उरलंय, स्नायू थकलाय, किंवा ट्रायकस्पिड झडप गळतेय.

घरी काय खायचं? मीठ किती?

दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा, त्याहून जास्त नको. आमटी-भाजीत मीठ कमी केलं तरी घात इतर ठिकाणी होतो. पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं सुकं खारं, सुकटीची किसमूर, लोणचं, पापड: यातल्या एका पदार्थात दिवसाचा निम्मा हिशेब संपू शकतो. ताजं बांगडा-तारल्याचं हुमण चालेल, मीठ हात आखडून घाला, आंबटपणाला सोलं आहेतच. प्रथिनं भरपूर हवीत, कारण अल्ब्युमिन त्यातूनच भरून येतं: मासे, अंडी, डाळी, दूध.

'पाणी दीड लिटर' सांगितलं असेल तर सकाळची पेज, चहा, सोलकढी, ताक हे सगळं त्यात धरायचं. पेजेचा मोठा वाडगा म्हणजे पाव लिटर सहज. आजाऱ्याला पेज दिलीच पाहिजे म्हणून दिवसातून तीनदा पाजली जाते, आणि मग वजन का वाढतंय ते कळत नाही.

स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर दोन गोष्टी विचारल्याशिवाय नकोत: रोजचं शहाळं, आणि दुकानात मिळणारं 'लो सोडियम' मीठ. दोन्हीत पोटॅशियम भरपूर. ते रक्तात वाढलं तर हृदयाची लय बिघडते. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन दुकानातून परस्पर घेऊ नका.

रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता.

काम, स्कूटर, आंघोळ?

हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण बळकट व्हायला सुमारे बारा. तोवर दोन-तीन किलोपेक्षा जड उचलू नये. विहिरीचं पाणी ओढणं, नारळ सोलणं, गॅस सिलिंडर हलवणं, सगळं याच यादीत. स्कूटर चालवणं किंवा पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून खड्ड्यांतून जाणं सहा ते आठ आठवडे बंद. टेबलावरचं काम साधारण दोन महिन्यांनी. कुळागरातलं (पोफळीच्या बागेतलं), होडीवरचं, माडावर चढायचं काम तीन महिन्यांआधी नाही, तेही इको बघून.

जखमेवर खोबरेल, हळद, पाल्याचा लेप काहीही नको. पावसाळ्यात आंघोळीनंतर जखम स्वच्छ पंचाने टिपून कोरडी करा, ओलसर बनियन वर चढवू नका. मे महिन्यातलं समुद्रस्नान जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी होकार दिल्यावरच.

आवरण काढलं, मग टीबीच्या गोळ्या बंद करायच्या?

अजिबात नाही. ऑपरेशनने अडथळा निघतो, जंतू नाही. कोर्स निदान सहा महिन्यांचा, वजनाप्रमाणे रोजच्या गोळ्या, सरकारी आरोग्य केंद्रातून मोफत. निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद झाली की उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते ५०० होते). त्यासाठी बँक खात्याची माहिती केंद्रात द्यावी लागते, ती बऱ्याचदा राहून जाते. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ते चालायचंच. पण ते वॉरफरिन, स्टिरॉइड आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करतं, तेव्हा या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. डोळे पिवळे झाले तर गोळ्या थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

पुन्हा होतो का?

पूर्ण काढलेलं आवरण पुन्हा आवळणं दुर्मीळ. 'परत झाला' म्हणून येणाऱ्यांत बहुतेकदा पहिल्या वेळी काढायचं राहिलेलं असतं. दुसरं ऑपरेशन शक्य आहे, पण चिकटलेल्या ऊतींमुळे अधिक कठीण आणि अधिक धोक्याचं.

गोव्यात हे कुठे होतं, आणि पैशांचं काय?

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात हृदयशस्त्रक्रिया विभाग आहे. म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळातून चिठ्ठी घेऊन तिथल्या हृदयरोग विभागात आधी दाखवा. पेडणे, सत्तरी, काणकोणसारख्या लांबच्या तालुक्यांतून येणाऱ्यांनी जुने सगळे रिपोर्ट, सीटीची सीडी, पोटातल्या पाण्याचा अहवाल आणि टीबी कार्ड एकाच फायलीत आणावं. सीडी विसरली म्हणून एक खेप फुकट जाते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत संरक्षण देतं. कार्डाची मुदत संपली आहे का, आणि खासगी इस्पितळात जाणार असाल तर पेरिकार्डिएक्टॉमी त्यांच्या मंजूर यादीत आहे का, हे दाखल होण्याआधी काउंटरवर विचारून घ्या. आयसीयूचे दिवस वाढले तर खर्च कसा धरणार, हेही त्याच वेळी.

घरी आल्यावर कोणत्या गोष्टींसाठी थांबायचं नाही?

आडवं झोपता न येणं किंवा अचानक वाढलेला दम. नाडी एकदम वेगाने आणि अनियमित चालणं. चक्कर येऊन पडणं. दिवसभरात लघवी जेमतेम होणं. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, जखमेतून पाणी किंवा पू, आणि खोकताना छातीच्या हाडात 'कट्' असा आवाज किंवा हाड हलल्यासारखं वाटणं. यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा, आणि रुग्णवाहिकेत चढताना औषधांची पिशवी व डिस्चार्ज कार्ड हातात असू द्या.